पाणी स्वच्छ आहे

१

जुन्या कॉम्प्युटरला टेप ड्राइव्ह जोडायचा माझा एक ठरलेला क्रम आहे, आणि तो मी कुणासाठी बदलत नाही. आधी यंत्र रीतसर बंद करायचं. पंख्याची घरघर पूर्ण थांबेपर्यंत हात लावायचा नाही. मग जाड केबल जोडायची, शेवटच्या तोंडावर टर्मिनेटरचं टोपण घट्ट बसवायचं, ड्राइव्हला असा नंबर द्यायचा की दुसऱ्या कुणाशी त्याचं भांडण होणार नाही. यंत्र चालू करताना नवीन सामान शोधायला सांगायचं. मग टेप घालायची, थोडंसं लिहायचं आणि लिहिलेलं परत वाचायचं. वाचून खात्री झाल्याशिवाय डिस्कवरची एकही फाइल पुसायची नाही.

ही शेवटची अट माझी स्वतःची. माझा कशावरच पटकन विश्वास बसत नाही. बायको म्हणते, नारळ घेताना मी आधी स्वतः हलवून बघतो, मग दुकानदाराला हलवायला लावतो आणि शेवटी दुसराच उचलतो. खोटं नाही ते. अठ्ठावीस वर्षं जळगावात लोकांची युनिक्स यंत्रं सांभाळली ती याच संशयी स्वभावावर.

म्हणूनच धुळ्याच्या संयमशेठनी मला बोलावलं. त्यांच्या वडिलांनी सुरू केलेलं स्कॅन सेंटर हायवेपासून दोन गल्ल्या आत आहे. तिथलं सीटी स्कॅनचं मशीन जुनं, आणि ते चालवणारं यंत्र त्याहून जुनं वाटावं असं. पेनड्राइव्ह त्याला समजत नाही. डिस्क काठोकाठ भरलेली. पोलीस केसमधले स्कॅन जपून ठेवावेच लागतात. तेव्हा सगळं टेपवर घ्यायचं आणि डिस्क रिकामी करायची, एवढं चार दिवसांचं काम होतं.

पण चहा आल्यावर संयमशेठनी दार लोटून घेतलं.

"काका, अजून एक काम आहे. आमच्या टेक्निशियन आहेत ना, रत्नाताई. अधूनमधून सकाळी सांगतात की मशीन बिघडलंय, आज पेशंट घेता येणार नाही. चार महिन्यांत अकरा वेळा झालं. कंपनीचा माणूस येतो, म्हणतो मशीन ठणठणीत आहे. पेशंट मग जातात समोरच्या सेंटरला."

"त्यांचं तिकडे काही जमलंय असं म्हणता?"

"मी काही म्हणत नाही. तुम्ही आत बसणारच आहात. बघा. बिघडलं नसेल तर तसं लिहून द्या, मी त्यांना काढतो. बिघडलं असेल तर त्यांची माफी मागतो."

म्हणजे एका बाईची बारा वर्षांची नोकरी माझ्या कागदावर ठरणार होती. खरं सांगतो, मला त्याचं ओझं वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. कुणीतरी माझ्या संशयाला काम दिलं होतं.

२

रत्नाताई साक्रीकडच्या. चाळिशीच्या आतबाहेर, कमी बोलणाऱ्या. सकाळी आठला येत, एसी लावत आणि पहिलं काम म्हणून पाण्याचा डबा टेबलावर ठेवत.

हा डबा प्रत्येक सीटी मशीनबरोबर असतो. जाड पारदर्शक प्लास्टिकचा, छोट्या घागरीएवढा, पाण्यानं भरून कायमचा बंद केलेला. रोज पेशंटच्या आधी त्याचा स्कॅन घेतात. पाण्याचा आकडा शून्य आला की मशीन बरोबर. पडद्यावर नुसती एक राखाडी चकती दिसते. त्यात बघण्यासारखं काहीच नसतं, म्हणून कुणी बघत नाही. आकडा वाचतात आणि पुढे जातात.

ड्राइव्ह जोडून झाल्यावर चाचणीसाठी मला लहानशी फाइल हवी होती. मी त्या दिवशीचा पाण्याचाच फोटो घेतला, टेपवर लिहिला, परत वाचला आणि उघडला.

चकतीत डाग होता.

मध्यापासून थोडा डावीकडे, पाण्यापेक्षा जेमतेम गडद. मी आधी टेपवर संशय घेतला. जुनी टेप, कुठेतरी अक्षर निसटलं असेल. डिस्कवरचा मूळ फोटो उघडला. त्यातही डाग होता, तसाच, तिथेच. मी दोन्ही फाइली एकमेकींशी ताडून बघितल्या. तंतोतंत सारख्या. टेपची काही चूक नव्हती.

"ताई, हे काय?" मी विचारलं.

त्या पडद्याकडे न बघताच म्हणाल्या, "आकडा बरोबर आहे ना, भाऊ? मग पेशंट घेते मी."

न बघता! तिथेच माझा संशय पक्का झाला.

३

दुपारी स्कॅनची खोली मोकळी होती तेव्हा मी डबा खिडकीशी नेऊन उजेडात धरला. पाणी नितळ होतं. पलीकडे रस्त्यावरची केळीची हातगाडी दिसत होती, अगदी तिच्यावरचा तराजूसुद्धा. बुडबुडा होता, पण हरभऱ्याएवढा, आणि डबा फिरवला की तो वर जायचा. फोटोतला डाग वर नव्हता. मशीनच्या आतला एखादा भाग खराब असता तर चकतीत गोल रेघा उमटल्या असत्या. रेघा नव्हत्या. मी डबा उलटा करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या फोटोत डाग होता, पण उजवीकडे, काठाजवळ.

मग मी रीतसर बसलो. डिस्कवर चार महिन्यांचे पाण्याचे फोटो होते. एकेक उघडून शेजारी ठेवत गेलो. डाग कधी मध्ये, कधी कडेला, कधी तळाशी. एकाच जागी दोन दिवस कधीच नाही. आकार सांगता येत नव्हता. बघत राहिलं की वाटायचं, हे पाठमोरं आहे. असं का वाटावं ते मला ठाऊक नाही. डागाला पाठ नसते.

पण या सगळ्या फोटोंमध्ये काही फोटो निर्मळ होते. एकसारखे राखाडी, डागाचा मागमूस नाही. मोजले तर ते बारा निघाले. संयमशेठनी दिलेली यादी मी खिशातून काढली आणि तारखा लावल्या. रत्नाताईंनी मशीन बिघडलंय म्हणून पेशंट परत पाठवले ते अकराच्या अकरा दिवस या बारांत होते.

म्हणजे डाग असलेल्या दिवशी बाई मुकाट्यानं काम करत होत्या, आणि पाणी स्वच्छ असलेल्या दिवशी मशीन बिघडलं म्हणत होत्या. याहून उलटा कारभार कुठे असतो? मला चोर सापडला होता. मनातल्या मनात मी अहवालाची पहिली ओळसुद्धा लिहून टाकली.

४

तरी मी त्यांना विचारलं. पकडलेल्या माणसाचं तोंड कसं होतं ते बघायची मला वाईट खोड आहे.

दुपारच्या सुट्टीत त्या जेवणाचा डबा उघडून बसल्या होत्या. मी यादी समोर ठेवली. त्यांनी ती सावकाश वाचली आणि त्यांचं तोंड काही झालं नाही. हायसं वाटल्यासारख्या दिसल्या, इतकंच.

"बघितलंत ना तुम्ही," त्या म्हणाल्या. "मला वाटत होतं मलाच दिसतो."

"दिसतो ते ठीक. पण स्वच्छ असतं त्या दिवशी तुम्ही काम बंद का करता?"

"तो पाण्यात दिसत नाही त्या दिवशी मी कुणाला आत घेत नाही, भाऊ."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं, आणि हसू आलं. "तो! पाण्यात नसतो तेव्हा कुठे असतो मग?"

"ते माहीत असतं तर मशीन कशाला बंद केलं असतं?"

बारावा स्वच्छ दिवस कोणता, तेही त्यांनीच सांगितलं. गेल्या महिन्याची तेरा तारीख. त्या दिवशी त्या भाचीच्या लग्नाला साक्रीला गेल्या होत्या आणि नरडाण्याहून बदली माणूस आला होता. त्यानं आकडा वाचला, शून्य आला, आणि एकच पेशंट होता तो घेतला. उखर्डू नावाचे म्हातारे, त्यांच्याच शेजारच्या गावचे.

"आल्यावर मी तो स्कॅन उघडला. एकदाच. मग त्यांच्या घरी जाऊन आले. बरे आहेत म्हणतात. जेवतात, फिरतात. बायको मात्र आता लेकीकडे झोपायला जाते. का म्हणून विचारलं तर नुसती रडते."

"आणि इथे?"

"दुसऱ्या दिवशी पाण्यात परत आला. पण होता तेवढाच नव्हता. तारखा लावून बघा, चौदापासून मोठा आहे." त्यांनी जेवणाचा डबा बंद केला. कंपनीच्या माणसाला दाखवायचं म्हणून त्यांनी दोनदा धीर केला होता, तो म्हणाला होता, आकडा बरोबर आहे. "तुम्ही तेराचा स्कॅन आधी टेपवर घ्या. डिस्कवरचा जाईल. आणि स्वतः उघडून बघा. मग शेठना काय सांगायचं ते सांगा. मन्ही नोकरी गई तरी चालई, पन मी खोटं बोलत नही."

शेवटचं वाक्य त्या घरच्या बोलीत बोलल्या. मग यादी माझ्यापुढे परत सरकवली.

५

आता जे झालं ते मी त्या वेळी कुणाला सांगितलं नाही.

मी तेरा तारखेचा स्कॅन पहिल्या खेपेत घेतला. त्या आठवड्याचे बाकीचे स्कॅनही त्याच्याबरोबर. टेपवर लिहिले, परत वाचले, यादी ताडली, बरोबर निघाली. उघडून मात्र बघितलं नाही. का, तर एका बाईच्या गोष्टीला भुलून मी म्हाताऱ्याच्या डोक्यात भूत शोधायला बसलो असं मलाच वाटायला नको होतं. संध्याकाळी निवांत बघू म्हटलं. डिस्कवर जागा नव्हती, म्हणून नेमाप्रमाणे ती खेप डिस्कवरून पुसून टाकली.

टेप वाचून झाली की ती सुरुवातीला गुंडाळली जाते. त्याच टेपवर दुसरी खेप लिहायची तर आधी टेप पहिल्या खेपेच्या पलीकडे न्यावी लागते. एका ओळीचा हुकूम. हे मी हजार वेळा केलं आहे, झोपेतही करीन. पण त्या वेळी काचेपलीकडे रत्नाताई पाण्याच्या डब्यावर हात ठेवून उभ्या होत्या. ओठ हलत होते. कुणाशी बोलतात ते बघायला मी मान वळवली, बघत राहिलो, आणि बघता बघता दुसरी खेप लिहायचा हुकूम सोडला.

टेप घुर्र करून चालू झाली. दहा मिनिटांनी ध्यानात आलं, टेप पुढे नेलीच नव्हती.

पहिली खेप गेली होती. तिच्यावर दुसरी बसली होती. डिस्कवरही नव्हती. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा, आणि नेमकी तीच. मी टेप तीन वेळा पुढेमागे करून बघितली. शेवटी थांबलेल्या ड्राइव्हसमोर बसून राहिलो आणि रत्नाताईंवर चिडलो. त्यांच्यामुळेच झालं ना हे? त्या तिथे उभ्या राहिल्या नसत्या तर!

६

दुसऱ्या दिवशी संयमशेठनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"काका, काय निघालं?"

रत्नाताई माझ्याकडे बघत होत्या. आशेनं बघत होत्या, हे लिहिताना आजही मान वर होत नाही.

मी फोटोंची गोष्ट सांगितली. डाग आहे, पण आकडा योग्य आहे. ज्या दिवशी मशीन बंद ठेवलं त्या दिवशी तर पाणी सगळ्यात स्वच्छ होतं.

"आणि तेरा तारखेचा स्कॅन?" रत्नाताईंनी विचारलं. "भाऊ, उखर्डूबाबांचा? शेठ, तो तुम्ही बघा."

"बघितला मी," मी म्हणालो. "त्यात काही नाही."

"तुम्ही बघितलात?"

"बघितला."

टेप पुसली गेली असं म्हणता आलं असतं. दोन शब्द होते. संयमशेठ थोडे नाराज झाले असते, जळगावात चार लोक हसले असते. एवढ्यासाठी मी खोटं बोललो. त्या बाईंनी वाद घातला नाही. माझ्याकडे बघून त्यांना काय ते कळलं असावं. त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

संयमशेठनी कागद पुढे केला आणि मी लिहिलं: पाण्याचे फोटो तपासले, मशीन पूर्ण ठीक आहे, स्वच्छ पाणी असताना काम बंद ठेवायचं कोणतंही कारण नाही. खाली सही केली. लोटन पाटील.

जिन्यापाशी रत्नाताई थांबल्या. "शनिवारपर्यंत आहात ना तुम्ही? सकाळी आकडा नका वाचू. फोटो बघा," म्हणाल्या आणि खाली उतरून गेल्या.

७

शनिवारी नवीन टेक्निशियन यायचा होता तो आला नाही. मशीन संयमशेठनाही चालवता येतं, वडिलांनी शिकवलेलं. मी शेवटची टेप लावून शेजारी बसलो होतो. बाहेर बाकावर आठ पेशंट होते. कालपासून आज पेशंट घेणार म्हणून निरोप गेले होते.

डब्याचा स्कॅन झाला. आकडा शून्य.

"फोटो दाखवा जरा," मी म्हणालो.

पडद्यावर चकती आली. मी उजेड वाढवला, गडदपणा ओढून ओढून शेवटच्या टोकाला नेला. काठ बघितले, तळ बघितला. राखाडी, एकसारखं, स्वच्छ.

"वा, एकदम क्लीन," संयमशेठ म्हणाले आणि डबा उचलून कोपऱ्यात ठेवला.

पहिल्या पेशंट ताईबाई होत्या. शिंदखेड्याकडच्या, सत्तरीच्या, लुगड्याचा पदर डोक्यावर घट्ट धरलेला. बरोबर मुलगा कौतिक. टेबलावर आडवं होताना त्यांनी माझं मनगट पकडलं.

"भाऊ, माले भीती वाटस रे. तू आठेच ऱ्हाय."

"मी आठेच शे, अक्का. काचेमागे."

"दुखस का?"

"नाही अक्का. काही दुखत नाही."

मी हात सोडवून घेतला. शिशाचं जड दार लागलं. काचेतून टेबल सरकताना दिसत होतं. आता बोलायला हवं होतं. थांबवा म्हणायचं. मग ते विचारणार, का? मग मला सांगावं लागणार की तेराचा स्कॅन मी बघितलाच नाही, आणि का नाही. मी स्वतःला समजावलं: स्वच्छ पाणी म्हणजे चांगलं मशीन. जगभरात हेच मानतात. आणि मी काय, एका बाईच्या बोलण्यावर...

"संयमशेठ," मी म्हणालो.

"काय काका?"

"काही नाही."

त्यांनी बटण दाबलं. आतल्या माइकचा आवाज इकडच्या स्पीकरवर येत असतो, पेशंट घाबरला तर कळावं म्हणून. मशीन गरगर फिरायला लागायच्या आधी काही क्षण शांतता असते. त्या शांततेत ताईबाईंचा श्वास ऐकू येत होता. घाबरा, भरभर, मधूनच अडखळणारा.

आणि दुसरा येत होता. सावकाश. लांब.

एसीची नळी असेल म्हणून मी वर बघितलं. संयमशेठचा असेल म्हणून त्यांच्याकडे बघितलं. ते श्वास रोखून पडदा बघत होते. स्पीकरमधले दोन श्वास वेगवेगळे चालले होते. मग ताईबाईंचा हळू झाला, आणखी हळू झाला, दोन्ही बरोबर येऊ लागले. मग एकच उरला. सावकाश. लांब.

"थांबवा!" मी ओरडलो. लाल बटणावर हात मारला. मशीन धापा टाकत थांबलं.

दार उघडून मी आत धावलो. ताईबाई उठून बसल्या होत्या. त्यांनी पदर सावरला नव्हता. तो खाली पडला होता आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. कौतिक माझ्यामागून आत आला.

"माय, चाल. घर जाऊत."

"हो, चला," ताईबाई म्हणाल्या. "घरी जाऊ या."

कौतिक जागच्या जागी उभा राहिला. जन्मात त्यानं आईच्या तोंडून अशी पुस्तकी भाषा ऐकली नसावी. "माय, काय व्हयनं तुले?" त्यानं विचारलं. ताईबाई त्याच्याकडे बघून हसल्या. त्या माझ्या अंगावरून गेल्या तेव्हा मी भिंतीला चिकटलो. कौतिक त्यांच्यामागून गेला, दोन पावलं अंतर ठेवून.

मग मी संयमशेठना सगळं सांगितलं. टेप, पुसलेली खेप, माझं खोटं, सगळं. उद्या तो पाण्यात परत येईल, होता त्याहून मोठा. हवं तर मला जळगावात तोंड दाखवू देऊ नका, पण आज कुणाला आत घेऊ नका, रत्नाताईंना परत बोलवा. बोलताना मला रडू फुटलं. साठीच्या माणसाला असं रडताना बघून ते गडबडले. पाण्याचा ग्लास पुढे केला, तो मी घेतला नाही.

"काका, तुमची झोप झाली नाही," ते हळूच म्हणाले. त्यांनी खणातून कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "हे बघा. तुम्हीच लिहिलंय. तुमच्यासारखा माणूस उगाच सही करत नाही, म्हणून तर मी त्यांना काढलं."

कागदावर माझंच अक्षर होतं, एकही खाडाखोड नसलेलं.

त्यांनी मला खुर्चीत बसवलं, दार उघडलं आणि बाहेरच्या बाकावरच्या सात जणांतलं पुढचं नाव पुकारलं.